अकलोलीपर्यंतचा रस्ता

वळ गावच्या सावळारामशेटच्या गोठ्यात ती मोटारसायकल किती वर्षं पडून होती, हे खुद्द शेटलाही सांगता आलं नसतं. लढाई संपल्यावर कल्याणच्या मिलिटरी कॅम्पातला माल लिलावात निघाला तेव्हा त्याने ती घेतली होती. विलायती बीएसए, एका सिलिंडरची. शेट तरुण होता तोवर ती भिवंडीच्या बाजारात धडधडत जायची. मग दारात जीप आली आणि मोटारसायकल गोठ्यात गेली. दौलतने ती मागितली तेव्हा सीटच्या चामड्यात उंदरांनी घर केलं होतं आणि हँडलवर कोंबड्या बसत होत्या.

दौलत शेलार गावचा. भिवंडीत एका लूमच्या कारखान्यात जॉबर होता. बिघडलेले माग दुरुस्त करून चालते ठेवायचे हे त्याचं काम. त्याचा बाप जन्मभर शेटच्या शेतावर राबला होता, आणि ही गाडी धुवायचं कामही बापाकडेच होतं. धुवायची, पुसायची, सावलीत लावायची. बसायचं मात्र कधी नाही. लहानपणी दौलत बापाबरोबर जाई आणि गाडीच्या ओल्या टाकीत आपलं तोंड बघत उभा राही.

"लोखंड म्हणून ने," शेट म्हणाला. "भंगारवाल्यापेक्षा तू बरा. पण ती आता उठायची न्हाय, दौलत."

"उठली तर?"

"उठली तर दसऱ्याला माझ्या दारात घेऊन ये. मी सोता हार घालीन तिला."

शेट हसत बोलला होता. दौलतने ते हसण्यावारी नेलं नाही.

बैलगाडीत घालून त्याने ती घरी आणली आणि पडवीत उभी केली. तिथून पुढे दोन पावसाळे मैनाच्या पडवीत भाताची कणगी एका कोपऱ्यात आणि मोटारसायकलचे अवयव बाकी सगळीकडे. पिस्टन सिलिंडरमध्ये असा धरला होता की हातोड्याने हलेना. दौलतने वरून रॉकेल ओतलं, थांबला, पुन्हा ओतलं, आणि एका सकाळी लाकडाचा ठोकळा ठेवून हलकेच ठोकल्यावर तो बोटभर खाली सरकला. दौलत तेव्हा इतक्या जोरात ओरडला की मैना चुलीवरचं टाकून बाहेर आली. व्हॉल्व्ह त्याने हाताने घासले. चेन डिझेलमध्ये धुतली. कार्बोरेटर मुंबईहून आणला, सीट भिवंडीच्या एका चांभाराकडून नवीन शिवून घेतली. टाकीचे पोचे आतून ठोकून काढले आणि ट्रक रंगवणाऱ्या माणसाकडून तिच्यावर हिरवा रंग चढवून घेतला, बाटलीच्या काचेसारखा गडद. मैना कुरकुरायची की भाताला रॉकेलचा वास येतो. पण सीट शिवून आली त्या दिवशी तिनेच ती आधी हात फिरवून बघितली.

शेजारचा नवशा या सगळ्यात होता. तो सायझिंगमध्ये कामाला होता, म्हणजे मागावर चढवायच्या सुताला खळ लावतात तिथे. यंत्रातलं त्याला काही कळत नव्हतं, पण सुट्टीच्या दिवशी तो पडवीत येऊन बसे, सांगितलं ते धरी, सांगितलं ते पुसून देई. दौलतपेक्षा लहान, त्याला 'दादा' म्हणणारा. नाक्यावरच्या लडकूचं मात्र तसं नव्हतं. त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि ही गाडी त्यानेही शेटकडे मागितली होती. मिळाली नाही म्हणून तो जाता-येता बोलायचा, "दौलतच्या जल्मात ती फटफट करायची न्हाय."

दसऱ्याला आठ-दहा दिवस उरले असताना ती फटफटली. सगळ्या आळीने ऐकली. नवशाने तर पडवीतच उड्या मारल्या.

खंडेनवमीच्या दिवशी कारखान्यांत यंत्रांची पूजा, म्हणून शिफ्ट बंद होत्या. दौलतने सकाळीच पाने, हातोडी, पकड धुवून पाटावर मांडली होती. गाडी पुसून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी वळला जायचं. शेटच्या दारात, चार लोकांच्या देखत. मैना हळदीकुंकवाचं तबक घेऊन बाहेर येत होती तेवढ्यात नवशा कुंपणावरून उडी टाकूनच आला. पायांत चपला नव्हत्या.

"दादा, गाडी काढतोस का? अकलोलीहून निरोप आलाय दूधवाल्याबरोबर. आक्काचं काय खरं न्हाय. रात्रीपासून माझंच नाव घेतेय."

आक्का म्हणजे नवशाची थोरली बहीण. आई लवकर गेली तेव्हा तिनेच त्याला वाढवलं होतं. लग्न करून अकलोलीला गेली तेव्हा हा तिच्यामागे रडत वाटेतल्या अंबाडी गावापर्यंत चालत गेला होता, हे सारं शेलार जाणून होतं.

"सकाळची एसटी गेली," नवशा म्हणाला. "पुढची दुपारी. तू नेलंस तर आत्ता पोचू."

दौलतने रस्ता आठवला. पावसाने वाडा रोडची चाळण केली होती. जागोजागी खडीचे ढीग होते आणि ट्रक गेला की दगड उडत. अंबाडीच्या पुढे तर नुसता चिखल. पुढे आयुष्यभर त्याला एक गोष्ट विसरता आली नाही. नवशा समोर उभा राहून बोलत होता तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे आक्का आली नाही, टाकी आली. हिरव्या टाकीवर पडलेला ओरखडा आला, आणि उद्या त्या ओरखड्याकडे बघणारा सावळारामशेट आला.

"अरे, कालच मॅग्नेटो बसला रे," तो म्हणाला. "ठिणगीच येत न्हाय."

खोटं इतक्या सहज तोंडातून निघालं की तोच दचकला. नवशाने गाडीकडे बघितलं, आजारी माणसाकडे बघावं तसं.

"बसला?" तो म्हणाला. "तुझंबी नशीब बघ, दादा. उद्याच न्यायची होती ना वळला." आणि एवढं म्हणून, अनवाणीच, नाक्याकडे पळाला.

मैना तबक हातात धरून तशीच उभी होती.

"काल संध्याकाळी तर मला नाक्यापर्यंत फिरवून आणलंत," ती म्हणाली.

"अंबाडीच्या पुढं रस्ता हाय का? मध्येच बंद पडली असती म्हणजे?"

मैनाने तबक पाटावर ठेवलं, हत्यारांना हळदकुंकू लावलं आणि गाडीला न लावताच आत गेली.

दौलत उठला. अजून वेळ होता. नाका जवळ होता, एक किक मारायची आणि नवशाला वाटेत गाठायचं. पण गाठल्यावर सांगायचं काय? चालू कशी झाली? आपोआप झाली म्हणावं, की हलवल्यावर ठिणगी आली म्हणावं, असं तो मनात जुळवत राहिला, आणि नाक्यावर एक ट्रक थांबल्याचा आणि पुन्हा निघाल्याचा आवाज आला. मग तो खाली बसला.

त्या ट्रकने नवशाला अंबाडीला सोडलं. पुढे तो चालत गेला. पोचला तेव्हा दुपार उलटून गेली होती, आणि आक्का दुपारीच गेली होती.

ही बातमी शेलारला दसऱ्याच्या दिवशी आली. दौलतला वळला जाता आलं नाही. बिघडलेली गाडी घेऊन जाणार कशी? त्याने गाडीवर गोणपाट टाकला आणि शेटकडे निरोप धाडला की मॅग्नेटो बसला. शेट म्हणे हसला आणि म्हणाला, "मी बोललोच होतो." ज्या वरातीसाठी त्याने नवशाला पाठ दाखवली होती ती वरात त्याच खोट्याने खाऊन टाकली. पण त्याचं दुःख करायचंही दौलतला तोंड नव्हतं.

नवशा तेरावं उरकूनच परत आला. तो दिसला की दौलत काहीतरी काम काढून आत जायचा. विहिरीवर लवकर जायचा, शिफ्टला लांबच्या वाटेने जायचा. असे काही दिवस गेल्यावर एका दुपारी नवशाच पडवीत आला. हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी जड होतं.

"उघड," तो म्हणाला.

आत मॅग्नेटो होता. जुना, पण पुसून लखलखीत केलेला.

"आमच्या सायझिंगमधल्या मुनाफचा एक चाचा हाय कुर्ल्याला, भंगाराच्या बाजारात. त्याला जाऊन बोललो, मिलिटरीवाली बीएसए. त्यानं सगळं दुकान उलटं केलं तेव्हा भेटला." नवशा हसला. भादरलेल्या डोक्यावर केस जेमतेम उगवले होते. "तू त्या दिवशी कसा उभा होतास ते मी बघितलं, दादा. तोंड काळंठिक्कर पडलं होतं तुझं. मी ट्रकमध्येसुदा तेच बोलत होतो मनात, की माझं तर माझं, पण दादाला किती लागलं असंल."

"याचे पैसे—" दौलत कसाबसा म्हणाला.

"पैशाचं नाव काढू नको. लाव."

लावावाच लागला. दौलतने चांगला, चालता मॅग्नेटो गाडीवरून उतरवायला घेतला आणि नवशा शेजारी पाना धरून बसला. पट्टा सोडवताना दौलतच्या हातून स्क्रू दोनदा निसटला. नवशाला वाटलं, आनंदाने.

"शेवटपर्यंत बोलत होती म्हणे," नवशा आपणहून सांगू लागला. "दारात कायबी वाजलं की विचारायची, नवशा आला का. मी भावजींना सांगितलं, आमच्या दौलतदादाची गाडी असती तर मी पोचलो असतो, पण गाडीच नेमकी आजारी. भावजी बोलले, त्या बिचाऱ्याला किती वाईट वाटलं असंल."

आतून मैना चहा घेऊन आली होती. ती दारातच थांबली, कप खाली ठेवले आणि परत गेली.

पिस्टन वर आणून दौलतने टायमिंग जुळवलं. तिसऱ्या किकला गाडी चालू झाली. धडधड घुमली, कणगीवरच्या चिमण्या उडाल्या. नवशाने टाळी वाजवली आणि वाजवतानाच त्याचे डोळे भरून आले. "आधी सुचलं असतं," तो आवाजावर आवाज चढवून म्हणाला, "आधीच एक आणून ठेवला असता तर!"

दौलतने गाडी बंद केली. त्याच वेळी बोलायला हवं होतं. तो तोंड उघडणार तेवढ्यात नवशाने उतरवलेला मॅग्नेटो हातात घेतला.

"हा मला दे. चाचा बोलला, बिघडलेला आणून दे, तार भरून देतो. दोन झाले की तुला कायमची काळजी न्हाय. रविवारी जातो मी."

"मी जाईन की."

"तू कुठं ड्युटी सोडून हिंडतोस? मला दुकान ठावं हाय."

"बरं. साफ करून देतो," दौलत म्हणाला.

कुर्ल्याचा तो म्हातारा मॅग्नेटो फिरवून बघणार, त्याच्या बोटाला झटका बसणार आणि तो नवशाला सांगणार की हा तर चांगला आहे. दौलतला ते चित्र स्वच्छ दिसत होतं. शनिवारी दिवेलागणीला त्याने पडवीत बसून मॅग्नेटो उघडला. आत केसासारखी बारीक तांब्याची तार, वेढ्यावर वेढे घेऊन बसलेली. एरवी काही तुटलेलं हाताशी आलं की ते जोडल्याशिवाय त्याला राहवत नसे. माग असो, घड्याळ असो. त्याने पकड उचलली.

"आता हेबी?" मैना मागून म्हणाली.

त्याने वळून बघितलं नाही. तार कापली. अगदी हलका आवाज झाला. मग झाकण बसवून स्क्रू पिळताना त्याला आपल्याच बोटांची किळस आली.

रविवारी दुपारी नवशाची बायको कमळा धावतच आली. "भावजी, लवकर चला! हे लडकूचा जीव घेतील!"

दौलत नाक्यावर पोचला तेव्हा लडकूच्या दुकानापुढे माणसं जमली होती. नवशाने लडकूची कॉलर पकडली होती. दुसऱ्या हातात मॅग्नेटो होता.

"चाचानं उघडून दाखवला मला!" नवशा ओरडत होता. "बोलला, 'ये जला नहीं है, किसीने काटा है।' कोण कापील? कोणाला बघवत नव्हती ती गाडी? नवरात्रात तू आला होतास ना पडवीत, बघायला म्हणून?"

"आईच्यान, मी हातबी लावला न्हाय," लडकू म्हणत होता. त्याचा ओठ फुटला होता. "बघायला आलो होतो, मैनावहिनी होती तिथं..."

"तुझ्यापायी माझी आक्का दाराकडं बघत गेली!"

लडकूला दौलत दिसला. "दौलत, सांग की याला!"

सगळे वळले. त्या क्षणी दौलतच्या मनात आलं की आपण गप्प बसलो तर सगळं इथेच मिटेल. लडकू तोंडाचा फटकळ, कोणाचा लाडका नव्हे, लोक मानतील. हे आपल्या मनात आलं याचीच त्याला इतकी लाज वाटली की ते घालवण्यासाठीच जणू तो बोलला.

"सोड त्याला, नवशा. तार मी कापली."

"तू?"

"काल. तुला द्यायच्या आधी."

नवशाला काही उमगेना. "तुझ्या गाडीची? का?"

"तो बिघडला नव्हता म्हणून."

लडकूच्या कॉलरवरचा हात आपोआप सुटला. नवशा दौलतकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग येईल म्हणून दौलत वाट बघत होता, पण नवशा लहान मुलाने हिशोब करावा तसा ओठ हलवत होता.

"म्हणजे खंडेनवमीला..."

"चालू होती."

"मी आलो तेव्हा?"

"हां. रस्ता खराब होता. रंग नवा होता."

एवढंच सांगण्यासारखं होतं. मोठ्याने म्हटल्यावर ते किती लहान होतं हे त्यालाही तेव्हाच कळलं. कोणीतरी बाजूला थुंकलं. एरवी दोन शब्दांच्या जागी वीस बोलणारा लडकू नुसता शर्ट नीट करत राहिला. नवशाने मॅग्नेटो दुकानाच्या फळीवर जपून ठेवला, परक्याची वस्तू ठेवावी तसा, आणि घराकडे चालू लागला.

त्यानंतर कमळाने कुंपणावरून मैनाला हाक मारणं बंद केलं. विहिरीवर बायका दौलत आला की बोलायच्या थांबत. कारखान्यात कोणी तोंडावर काही म्हणत नव्हतं, पण चहाला जाताना आता कोणी त्याला बोलावत नसे. दौलतने यातल्या कशाचीच तक्रार केली नाही. लडकूकडे जाऊन तो माफी मागून आला. नवशाच्या दारापर्यंत मात्र तो दोनदा गेला आणि दोनदा परत आला.

दिवाळी झाल्यावर एका पहाटे उजाडता उजाडता नवशाच दारात येऊन उभा राहिला. धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी, हातात पिशवी.

"गाडी काढ," तो म्हणाला. "मला आक्काच्या घरी सोड."

दौलतने गोणपाट बाजूला केला. मैनाने आतून बघितलं आणि काही न विचारता दाराची कडी सरकवली.

रस्ता अजून तसाच होता. खडी उडत होती, टाकीवर ताडताड लागत होती, आणि प्रत्येक दगड लागला की दौलतला बरं वाटत होतं, अजून लागावेत असं वाटत होतं. मागे नवशा त्याला न धरता, सीटच्या कडेला हात रोवून बसला होता. अंबाडी आली, गेली. वज्रेश्वरीच्या देवळाचा कळस दिसला. दौलतला वाटत होतं हा रस्ता लांबावा, निदान आता तरी लांबावा. पण गाडी त्याने मन लावून दुरुस्त केली होती. ती कुठे अडखळली नाही, कुठे तापली नाही.

अकलोलीत शिरले तेव्हा भाताच्या खाचरांवर दव होतं. गरम कुंडांची वाफ वर चढत होती आणि माणसं आंघोळीला नुकती निघाली होती. आक्काच्या घरापाशी नवशा उतरला. त्याने उन्हाकडे बघितलं, अंगणातल्या आंब्याच्या सावलीकडे बघितलं.

"एवढंच लांब होतं," तो म्हणाला.

आवाज ऐकून आक्काचा नवरा बाहेर आला. म्हातारा, वाकलेला. गाडी बघून त्याचा चेहरा उजळला. "हेच का दौलतभाऊ? झाली का गाडी बरी? या, आत या, चहा घेऊन जा."

म्हणजे नवशाने इथे काहीच सांगितलं नव्हतं. दौलतने खाली बघितलं.

"त्याला ड्युटी हाय," नवशा म्हणाला. मग दौलतकडे न बघता, "जा तू. मी एसटीनं येईन."

नवशाने आपलं पाप झाकलं की आपल्याला हाकललं, हे दौलतला त्या वेळी कळलं नाही आणि पुढेही कधी कळलं नाही. त्याने गाडी वळवली. येताना वारा कानात भरत होता आणि जे बोलायचं म्हणून सगळ्या वाटेभर तोंडात धरलं होतं ते तसंच परत चाललं होतं.

"काय बोलला?" घरी पोचताच मैनाने विचारलं.

"काय न्हाय."

"आणि तुम्ही?"

दौलतने हात धुतले, चपला घातल्या आणि ड्युटीला न जाता नाक्यावर जाऊन उभा राहिला. लडकूने दुकानातून बघितलं आणि तो पुन्हा कामाला लागला. दुपारची एसटी आली, तिच्यात नवशा नव्हता. दौलत तिथेच थांबला. संध्याकाळची आली तेव्हा नवशा पिशवी घेऊन उतरला.

"नवशा," दौलत म्हणाला. "चुकलं माझं."

नवशा थांबला. बराच वेळ त्याने दौलतच्या तोंडाकडे बघितलं, जणू खंडेनवमीला बघितलेलं तोंड हेच का, ते ताडून बघत होता.

"हां," तो म्हणाला, आणि घराच्या वाटेला लागला.

दौलत त्याच्या मागून निघाला. वाट एकच होती, घरं शेजारी होती. तरी तो थोडं अंतर सोडून चालत राहिला. बरोबरीने चालायची त्याची छाती झाली नाही.